हलीमाबीच्या घरचा सोफासेट

अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूस आधी अडचण सांगत नाही, आधी तोरा सांगतो. विहिरीसाठी अर्ज करायला आलेला शेतकरी सांगणार, आमच्या आजोबाच्या दारात घोडी होती. निराधार योजनेसाठी आलेली म्हातारी सांगणार, माझ्या लग्नाला पाच गावं जेवली. मी मशीनवर बोटं ठेवून बसायची. घोडी फिरू द्यायची, पाच गावांची जेवणं उरकू द्यायची, अन् मंग हळूच विचारायची, "आज घरी काय शिजलं?" तिथं माणूस गप्प व्हायचा, अन् तिथून अर्ज सुरू व्हायचा. अर्जनवीस म्हणजे दुसरं काय, लोकांचा तोरा बाजूला ठेवून खालची गोष्ट कागदावर घेणारा माणूस.

जालना जिल्हा नवा झाला, एक्क्याऐंशी साल, त्याच वर्षी मी तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मराठी टाइपरायटर मांडला. आधी बारीकसारीक कामाला औरंगाबाद गाठावं लागायचं, आता जालन्याला कचेऱ्या झाल्या, अन् कचेऱ्या झाल्या की अर्ज आलेच. आमचं गाव तालुक्याचं, अंबड-मंठ्यासारखंच. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ह्या गोष्टीतली निम्मी माणसं मला अजून भाजीबाजारात भेटतात. शेडमध्ये आम्ही पाच जण होतो, चार पुरुष अन् मी. पहिले सहा महिने लोकांना वाटायचं, मी नवऱ्याची जागा धरून बसले आहे अन् तो चहा प्यायला गेला आहे.

गिऱ्हाइकं काय एकेक. एक गृहस्थ आष्टीहून यायचे, ते चिडलेले असले की अख्खा अर्ज लाल रिबिनीत टाइप करून मागायचे. काळ्या अक्षरात त्यांना राग दिसायचाच नाही. एक सासू-सून एकमेकींविरुद्ध अर्ज द्यायला एकाच बसनं आल्या, एका डब्यातून जेवल्या, अर्ज देऊन झाल्यावर दोघींनी मिळून दोन किलो टमाटे घेतले अन् त्याच बसनं परत गेल्या. ह्या सगळ्यांचे अर्ज मी लिहिले, अन् माझ्या हातचा अर्ज परत येत नाही असं छातीठोक सांगायला लागले. शेजारच्या चौघांना त्याचा राग यायचा, म्हणून मी जरा जास्तच सांगायची. परत आला तो एकच अर्ज, अन् तो माझ्या जिवाच्या मैत्रिणीचा होता.

हलीमाबी मनियारीण. बांगड्या भरायची. गावात असं एक घर नव्हतं जिथल्या बायकांचे हात तिच्या हातात गेले नव्हते. बांगडी भरणं बघायला सोपं वाटतं. अंगठ्याखालचं हाड आडवं येतं, तिथं हात दाबून, चोळून, नरम करून बांगडी सरकवावी लागते, काच फुटू न देता अन् बाईला ओरडू न देता. हलीमाबीची युक्ती तोंडात होती. ती एवढं बोलायची, एवढं बोलायची, की बाई दुखणं विसरून तिच्या गप्पांत अडकायची, अन् खाली बघितलं तर डझनभर बांगड्या मनगटात. हात नुस्ता धरला की माप सांगायची. "दोन-चार. तुझ्या सासूचा दोन-सहा. चिडू नको, सासूचं सगळंच मोठं असतं." बांगड्या भरून झाल्या की आमच्याकडं बाया मनियारणीच्या पाया पडतात. मोठ्या घरची, पोक्त सासू असली तरी वाकते. त्यामुळं हलीमाबीचा रुबाब तहसीलदारापेक्षा तसूभर जास्तच होता.

दुपारी फेरी संपली की ती माझ्या शेडमध्ये येऊन बसायची. डोक्यावरची पाटी खाली, चहा, अन् गावाचं बातमीपत्र. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं. माझं नाव वत्सला, पण ती मला वच्छा म्हणायची, अन् माझी गिऱ्हाइकं तिला विचारून अर्ज बदलायची. ती विधवा, लेकरू नाही, मनियार गल्लीत दोन खोल्यांचं घर तिचं स्वतःचं.

नव्वदीच्या शेवटाशेवटाला, एका नवरीला चुडा भरता भरता, तिच्या अंगावरून वारं गेलं. बांगडी नवरीच्या अंगठ्यापाशी अडकली अन् हलीमाबीचा हात तिथंच थांबला. बोलता बोलता ती गप्प झाली, तेव्हाच घरच्यांना कळलं की काही तरी भयंकर झालंय. जालन्याला दवाखान्यात महिनाभर होती. पाय हळूहळू आला, ओढत का होईना चालायला लागली. उजवा हात मात्र आला नाही. जीभ दोन महिने जड होती, अन् ते दोन महिने आमचं गाव बहिरं झाल्यासारखं झालं होतं. मंग एक दिवस जीभ सुटली, अन् सुटली ती दोन महिन्यांची बाकी भरून काढायलाच. डॉक्टरनं सांगितलं होतं रोज थोडं बोलायचा सराव करा. ते ऐकून मी अन् शिपाई दगडू कचेरीच्या पायरीवर बसून पोट धरून हसलो होतो.

पण एका हातानं बांगडी भरता येत नाही. एका हातानं भाकर थापता येते, वाकडी का होईना. साडी नेसता येते, अर्धा तास लागतो. वेणी घालता येत नाही. म्हणून रोज सकाळी शेडवर जायच्या आधी, साडेसातला, मी तिच्या घरी जाऊन तिची वेणी घालायची. तिचा भाचा परभणीला होता, चांगला पोरगा. तो म्हणत होता, "खाला, एकली कशी ऱ्हातीस? ईदला येतो अन् तुला घेऊनच जातो." सगळी गल्ली म्हणायची, जा. हलीमाबी म्हणायची, "परभणीला मला कोण ओळखतं? तिथं मी कोणाचा हात धरू?" तिला स्वतःच्या दारात राहायचं होतं. त्यासाठी एकच रस्ता होता, सरकारच्या निराधार योजनेतून तिला महिन्याचं अनुदान मिळणं. ती गेली असती तर माझ्या दुपारच्या चहाचं काय झालं असतं, हा विचार मी करत नव्हते असं नाही. सारखा करत होते.

अर्ज मी लिहिला. असा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. एकही वाक्य रडकं नाही. "ज्या हाताने मी या गावातील हजारो हातांत बांगड्या भरल्या, तो हात आता स्वतःच्या केसांपर्यंत पोचत नाही." कारकुनानं वाचून चष्मा काढला अन् पुसला. मी मनात म्हटलं, झालं काम.

काम कुठलं होतंय. अर्जाला अपंगत्वाचा दाखला जोडायचा होता, तो जालन्याला मोठ्या दवाखान्यात डॉक्टर तपासून देणार. आम्ही बसनं निघालो. जालना येईपर्यंत अख्ख्या बसला हलीमाबीच्या उजव्या हाताची हकीगत पाठ झाली. दोन बाया रडल्या. कंडक्टरनं स्वतः पाण्याची बाटली आणून दिली. मी मनात म्हणत होते, अश्शीच डॉक्टरसमोर बोल माय, दुसरं काही नको.

डॉक्टर तरुण, बोलायला गोड. त्यानं आदबीनं विचारलं, "कसं काय आजी? कशी आहे तब्येत?"

हलीमाबी खुर्चीत ताठ झाली. "अल्लाचा करम आहे साहेब. एकदम बराबर."

मी तिला कोपर मारलं.

"हाताला काही त्रास?"

"बिलकुल न्हाई. तुमची दुआ."

"घरचं काम जमतं?"

"सारं जमतं. चाय पिऊन जावा एक दिवस, तुमच्या बायकोला बी आना."

मी कपाळावर हात मारला. तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडं परक्या माणसानं प्रेमानं तब्येत विचारली तर त्याच्यापुढं दुखणं मांडत नाहीत. बसमधल्या बायांपुढं मांडतील, कारण त्या आपल्या. डॉक्टर साहेब माणूस, त्याला उगाच का कष्टी करायचं? डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "साहेब, ही खोटं बोलून राह्यली. म्हंजे खरं बोलून राह्यली, पण चांगलं दिसावं म्हणून." त्याला काही कळलं नाही. त्यानं पेनचं टोपण उघडलं अन् काय लिहावं असा विचार करत बसला.

तेवढ्यात कागद घेऊन नर्स आली, हातात ढिल्या बांगड्या खळखळ करत. हलीमाबीच्यानं राहवलं नाही. "अगं पोरी, ही कोणी भरली? दोन-सहा घातली तुला. तुझा हात दोन-चारचा बी न्हाई, दोन-दोनचा. इकडं आन." तिनं डाव्या हातानं नर्सचा हात ओढून मांडीवर घेतला अन् सवयीनं उजवा हात पुढं केला. म्हणजे करायला गेली. उजवा हात खांद्यातून थोडा हलला अन् तिच्याच मांडीवर, नर्सच्या बोटांजवळ, पडून राहिला. हलीमाबी त्याच्याकडं बघत राहिली. माप सांगून झालं होतं, पुढचं काम करायला कोणीच नव्हतं. डॉक्टरनं टोपण खाली ठेवलं अन् लिहायला लागला. दाखल्याला लागतात त्याहून बरेच जास्त टक्के त्यानं लिहिले. बाहेर आल्यावर हलीमाबी म्हणाली, "डाक्टर चांगला होता ना? पन चाय घ्यायला आला न्हाई तर मला बुरं वाटंल."

आता राहिली घराची चौकशी. तलाठी घरी येतो, घर बघतो, शेजाऱ्यांना विचारतो, अन् अर्जदार खरोखर निराधार आहे की नाही ते लिहितो. चौकशीच्या वेळी अर्जनवीसानं तिथं असू नये, शिकवून पढवून आणल्यासारखं दिसतं. म्हणून मी हलीमाबीला एवढंच सांगितलं, "गुरुवारी तलाठी आप्पा येतील. घर दाखव." सोळा-सतरा वर्षं लोकांचा तोरा बाजूला ठेवायचं काम केलेली मी, अन् हीच एक गोष्ट सांगायला विसरले. मनियार गल्लीत त्याआधी कुठला अधिकारी चहाला आल्याचं कोणाला आठवत नव्हतं, हे मला माहीत असायला पाहिजे होतं.

गुरुवारी दिवसभर मी शेडमध्ये निवांत. शुक्रवारी दगडू शिपाई तलाठी आप्पाच्या अहवालाची नक्कल घेऊन आला. तोंड असं केलेलं की हसावं का रडावं ते त्याचं ठरलं नव्हतं. मी वाचलं.

"अर्जदार यांचे राहते घरी समक्ष भेट दिली असता खालीलप्रमाणे आढळून आले. लाल मखमली सोफासेट एक. रंगीत टीव्ही एक. शीतकपाट एक, दारात. भिंतीवरील घड्याळे तीन, वेळ वेगवेगळी. गालिचा एक. अत्तरदाणी चांदीची. अर्जदार यांनी उपस्थितांस जेवण दिले. जेवण उत्तम. अर्जदार निराधार असल्याचे दिसून येत नाही."

तलाठी आप्पा सरळ माणूस. जे दिसलं ते लिहिलं, अन् जे जेवले तेही लिहिलं. अर्ज नामंजूर. ईदला तीन आठवडे राहिले होते.

मी तशीच पदर खोचून मनियार गल्लीत गेले. सोफा केव्हाच परत गेलेला. हलीमाबी चटईवर बसून सगळं रंगवून सांगायला आतुर होती. त्या दिवशी सकाळी काय झालं ते मला तिच्याकडूनच कळलं. आप्पा येणार ही बातमी तिनं गल्लीत सांगितली, अन् गल्लीनं गावात. ज्या ज्या घरी तिनं बांगड्या भरल्या होत्या, तिथून सामान यायला लागलं. बियाण्याच्या दुकानवाल्याच्या सुनेनं सोफा पाठवला. टीव्ही हातगाड्यावर आला. घरात विजेचं बटण एकच, अन् तेही बल्बचं, म्हणून टीव्ही नुस्ता ठेवला, वर विणलेला रुमाल टाकून. फ्रिज दारातून आत जाईना, मंग बाहेरच उभा केला अन् त्याला हार घातला. तीन घरांतून तीन घड्याळं आली. एकीचं लावावं तर दोघी रुसणार, म्हणून तिन्ही लावली.

"अन् भाताची तहरी मी स्वतः सांगून करून घेतली," हलीमाबी म्हणाली. "आप्पानं दोनदा घेतली."

"तुला काही अक्कल?" मी म्हटलं. "आप्पा तुझी गरिबी बघायला आल्ता गं बये. तू त्याला निजामाचा दरबार दाखवला."

"वच्छा, माझ्या दारात पैला साब आल्ता. त्याला मी काय चटईवर बसवू? फुटक्या कपात चाय देऊ? मर जाऊंगी पर नहीं."

"मंग जा परभणीला."

हे मी बोलायला नको होतं. तिनं डाव्या हातानं चटईची सुटलेली काडी आत खोचली. मंग तीच म्हणाली, "दुसरा अर्ज लिही ना. तुझा अर्ज परत येत न्हाई म्हंतीस."

मी विचार केला. सोफा हलीमाबीचा नाही, हे ज्याचा आहे त्यानंच सांगायला पाहिजे. प्रत्येकीचं प्रतिज्ञापत्र करायचं. मी निरोप धाडले, अन् सोमवारी सकाळी माझ्या शेडसमोर सतरा बाया उभ्या. चार पुरुष अर्जनवीस आपापली मशीनं थांबवून बघत बसले. मी मसुदा सोपा केला होता. "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की सदर वस्तू माझ्या मालकीची असून हलीमाबी यांना एक दिवसासाठी दिली होती व ती त्याच दिवशी परत आली." पण सोपं लिहून ऐकतंय कोण?

सोफावाली म्हणाली, "लाल मखमलीचा लिहा, सागवानी. नुस्ता सोफा म्हटलं तर लोक काय बी समजतील." तिनं पुरावा म्हणून लग्नाचा फोटो आणला होता, त्यात ती अन् नवरा कोपऱ्यात अन् सोफा मधोमध. फ्रिजवाली गॅरंटीचं कार्ड घेऊन आली अन् फ्रिज किती लिटरचा ते टाकायलाच लावलं. तीन घड्याळवाल्यांचं जुंपलं, की त्या दिवशी बराबर वेळ कोणाची होती. ते प्रतिज्ञापत्रात येणार नाही म्हटलं तर तिघी मिळून माझ्यावर उलटल्या. अन् एक म्हातारी काचेचे सहा ग्लास घेऊन आल्ती, डोळ्यांत पाणी. "आप्पा माझ्याच ग्लासात पाणी पिले. अन् कागदात माझ्या ग्लासाचं नावच न्हाई. सोफ्याचं हाय, अत्तरदाणीचं हाय. माझे ग्लास काय चोरीचे हायेत?" मी समजावलं, माय, अहवालात नाव नाही तेच बरं आहे. ती ऐकेना. शेवटी तिचंही प्रतिज्ञापत्र केलं. ग्लास नग सहा, फुलांची नक्षी. त्या दिवशी मी एवढी हसले की दोन कार्बन उलटे लावले अन् सोफ्याचा कागद पुन्हा टाइप करावा लागला.

अपील नायब तहसीलदारांकडं गेलं. त्यांनी सतराही जणींना आत बोलावलं. मी दारात उभी होते. साहेब कागद वाचत होते अन् मधूनमधून रुमाल तोंडाला लावत होते. ग्लासांपाशी आल्यावर तर खिडकीकडं तोंड करून बसले. मंग गंभीर होऊन विचारलं, "ह्या बाईंना तुम्ही एवढं सगळं दिलं कशासाठी?"

सोफावालीची सासू पुढं झाली. "साहेब, तिच्या घरी साहेब येणार होता."

"मग?"

"मंग काय? आमच्या मनियारणीच्या घरी साहेब रिकाम्या भिंती बघून जातो की काय?"

साहेबांनी कागद बाजूला ठेवले. "मला त्याच भिंती बघायच्या आहेत," ते म्हणाले. "मी स्वतः येईन. कधी, ते सांगणार नाही."

पण कचेरीत गुपित कुठलं राहतंय? त्याच संध्याकाळी दगडू माझ्या शेडपाशी येऊन पुटपुटला, "बाई, उद्या सकाळी आठला जाणार हायेत." मी त्याला चहा पाजला अन् घरी आले.

हलीमाबीला सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला पक्कं माहीत होतं. कितीही शपथा घातल्या असत्या तरी आठ वाजेपर्यंत निदान एक गालिचा अन् एक घड्याळ आलंच असतं. म्हणून सांगितलं नाही, इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी सातला मी वेणी घालायला निघाले, चपला घातल्या, अन् दारातच थांबले. माझ्याच अर्जात लिहिलं होतं, तो हात स्वतःच्या केसांपर्यंत पोचत नाही. मी जाऊन छान घट्ट वेणी घालून आले तर साहेबांना काय दिसणार? मी चपला काढल्या. आत जाऊन बसले. घड्याळात साडेसात झाले, पावणेआठ झाले, आठ झाले. नवऱ्यानं विचारलं, आज गेली नाहीस? मी त्याला म्हटलं, डोकं दुखतंय. सतरा वर्षांच्या नोकरीत, म्हणजे धंद्यात, मी दुसऱ्यांच्या वतीनं पुष्कळ लिहिलं, पण एवढं साधं खोटं मला कधी जड गेलं नव्हतं.

सहाव्या दिवशी अनुदान मंजूर झालं. दगडू आदेशाची प्रत घेऊन मनियार गल्लीत गेला अन् पेढा खाऊन आला. परभणीच्या भाच्याला निरोप गेला, ईदला ये, पण नुस्ता शिरखुर्मा प्यायला ये. सगळं गाव खुश. शेडमधल्या चौघांनीही कबूल केलं की बाईचा अर्ज परत आला तरी परत परत येत नाही. फक्त हलीमाबी आली नाही. मी सकाळी दोनदा गेले, तर शेजारणीकडून वेणी घालून ती बाहेर बसलेली. माझ्याशी एक शब्द नाही. हलीमाबी अन् गप्प. दोन महिने जीभ जड होती तेव्हाही मला एवढी भीती वाटली नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी ती पाय ओढत शेडमध्ये आली. बाकावर बसली, गिऱ्हाइकाच्या जागेवर. "अर्ज लिहायचा आहे."

मी कागद लावला. "कोणाला?"

"तहसीलदार साहेबाला. तुझ्या विरुद्ध."

शेजारची चारही मशीनं थांबली. मी विषय विचारला. "दोस्त बाईनं केलेला दगा," ती म्हणाली. मी टाइप केलं. धंदा तो धंदा.

"लिही," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मी फणी घेऊन बसल्ते. केस मोकळे. दार वाजलं, मला वाटलं वच्छा आली. मी उठून दार उघडलं. समोर साहेब. डावा हात चौकटीला, त्याच्यावरच उभी होते मी. हात सोडला तर पडते. न्हाई सोडला तर डोक्यावर पदर येत न्हाई."

माझी बोटं थांबली.

"लिही की."

"मंग?"

"मंग काय. सोडला. भिंतीला घासत खाली बसले, पन पदर घेतला. साहेब बी उंबऱ्यावरच बसले. म्हनले, आजी, पाणी नको. मी विचारलंच नव्हतं गं वच्छा अजून. माझ्या घरी आलेल्या मानसाला मी पाणी विचारायच्या आधी तो नको म्हनला." तिनं डाव्या हातानं डोळे पुसले अन् लगेच आवाज चढवला. "अन् ही बाई, हिला सगळं मालूम होतं. दगडूनं मला सांगितलं. हिनं गालिचा येऊ दिला न्हाई, ते मी माफ करते. पन हिनं माझी वेणी घातली न्हाई. लिहिलं?"

"लिहिलं." अक्षरं मला दिसत नव्हती, पण बोटांना जागा माहीत होत्या. "चुकलं माझं, हलीमाबी."

"ते बी लिही."

तेही लिहिलं. मंग मी नाक पुसून म्हटलं, "मागणी काय? मागणीशिवाय अर्ज घेत न्हाईत."

"तिला शिक्षा करावी."

"काय शिक्षा? शेडमधून उठवावं, असं लिहू?"

"अन् मी दुपारची चाय कुठं पिऊ?"

"दंड लिहू का?"

"तुझ्याकडं काय आहे दंड भरायला? ते कार्बन?" शेजारी कोणीतरी फिस्सकन हसलं, अन् तिनं तिकडं असं बघितलं की तो पुन्हा टाइप करायला लागला. ती बराच वेळ विचार करत बसली. पंधरा-सोळा वर्षांत मी तिला विचार करताना पहिल्यांदा पाहत होते. "लिही," ती म्हणाली. "त्या शेजारणीला वेणी घालता येत न्हाई. डोस्कं दुखून राह्यलं माझं."

मी तिच्याकडं न बघता टाइप केलं अन् वाचून दाखवलं. "तरी सदर बाईने उद्यापासून रोज सकाळी साडेसात वाजता, कोणी अधिकारी येणार असो वा नसो, अर्जदाराची वेणी घालून द्यावी, ही विनंती." तिनं मान हलवली, डावा अंगठा शाईत बुडवून खाली उमटवला, अन् चहा मागवला.

अर्ज कचेरीत गेला नाही. त्याच्यावर निर्णय द्यायचा अधिकार तिथं कोणालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सातलाच गेले.